पाच वेळा का

का? एक.

वेबसाइट बंद का पडते?

हा प्रश्न लॅबने विचारला आहे. रक्त, थुंकी, लघवी तपासणारी लॅब. आदल्या दिवशी उपाशीपोटी सुई टोचून घेतलेली माणसं सकाळी उठून आम्ही बनवलेल्या वेबसाइटवर आपला रिपोर्ट उघडतात. गेले काही महिने बऱ्याच सकाळी रिपोर्टच्या जागी त्यांना पांढऱ्या पानावर एकच ओळ दिसते: ५००, अंतर्गत सर्व्हर त्रुटी. म्हणजे आत काहीतरी झालंय, पण काय ते सांगणार नाही. आमच्या सासरचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सासर मध्येच आणायचं कारण, कंपनी सासरची आहे. सासऱ्यांनी काढली. ते गेल्यावर मोठे दीर मालक झाले, माझा नवरा हिशेब बघतो आणि मी प्रोग्रॅम लिहिते. दिरांना घरी भाऊजी म्हणायचं आणि ऑफिसच्या पायरीवर चप्पल ठेवली की सर. एकदा मी चुकून ऑफिसात त्यांना भाऊजी म्हटलं, तर दिवसभर ते माझ्याशी फक्त ईमेलवरून बोलले. आमच्या टेबलांमध्ये एक काचेचं दार आहे.

लॅबने कळवलं होतं की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारा, प्रत्येक उत्तराला पुन्हा का विचारा, मूळ कारण शोधा आणि बुधवारी व्हिडिओ मीटिंगमध्ये सांगा. सोबत जबाबदार व्यक्ती कोण आणि तिच्यावर काय कारवाई केली, तेही.

भाऊजींनी शेवटचा मुद्दा आधी सोडवला.

"टेस्टिंगवालीला काढू."

"तिने काय केलं?"

"टेस्टिंगचं काम काय? चुका शोधणं. चूक झाली. म्हणजे सापडली नाही. म्हणजे टेस्टिंग झालं नाही."

असल्या तर्कावर माणसं कंपन्या चालवतात. आग लागली की अग्निशमन दलाला अटक करावी, तसं.

"तुम्ही फक्त पाच का लिहा," ते म्हणाले. "शेवटचा का तिच्यापाशी थांबला पाहिजे."


का? दोन.

सर्व्हर मान का टाकतो?

हे कळायला तो मान टाकताना बघावा लागतो. ते आमच्याकडे शक्य नव्हतं, कारण आमच्याकडे संजीवनी आहे.

संजीवनी हा पुरुष आहे. सर्व्हर बंद पडला की त्याच्या फोनवर रुग्णवाहिकेसारखा आवाज होतो. मग हा हातातला घास टाकून पळत येतो, रीस्टार्टचं बटण दाबतो आणि खुर्चीत मागे रेलून म्हणतो, "आला परत." भाऊजी काचेतून अंगठा दाखवतात. या एका बटणावर त्याला दोन बढत्या मिळाल्या आहेत. तिसरीसाठी तो, मला वाटतं, सर्व्हर पडायची प्रार्थना करत असावा.

त्याला कोणी सांगितलेलं नाही, की रीस्टार्ट म्हणजे उपचार नव्हे. रोगी काय बोलतोय ते ऐकायच्या आत त्याला पुरायचं आणि त्याच नावाचं नवं बाळ पाळण्यात ठेवायचं. बाळ छान हसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही जातं. शिवाय रीस्टार्ट करताना हा जुन्या नोंदी पुसून टाकतो.

"नोंदी का पुसता?"

"जागा अडते ना मॅडम. स्वच्छ असलेलं बरं."

"त्यातच लिहिलेलं असतं काय झालं ते."

"झालं ते झालं. आपण पुढे बघायचं."

हे वाक्य त्याने भाऊजींच्या टेबलावरच्या पाटीवरून उचललं आहे.

मी बाकीच्यांना विचारलं, अलीकडे काय बदललं? सगळे म्हणाले, काहीच नाही. संजीवनी म्हणाला काहीच नाही. भाऊजी म्हणाले काहीच नाही. माझा नवरा, ज्याने सर्व्हर लांबूनही पाहिलेला नाही, तोही म्हणाला काहीच नाही. आमच्या धंद्यात हे वाक्य शपथेवर खोटं बोलल्यासारखं ऐकायचं असतं. काहीच बदललं नसेल तर काहीच बिघडत नाही. खडकाला ५०० येत नाही.

टेस्टिंगवालीला विचारलं नाही. तिला काही विचारायचं म्हणजे तिच्या टेबलापर्यंत जावं लागतं.


का? अडीच.

तिच्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तिच्यासाठी डोळे पुसायला लागणार नाही.

ऑफिसात तिला शंका म्हणतात. कारण तिचं प्रत्येक वाक्य "मला एक शंका आहे" इथून सुरू होतं. दिवसभर कच्चं गाजर खाते. तो आवाज इतका कडक, की शेजारी बसून विचार करता येत नाही. मी बनवलेल्या पानावर बटण किंचित डावीकडे असलं की ती त्याची रीतसर तक्रार नोंदवते आणि पुढे 'तातडीचे' असं लिहिते. तिच्यासाठी सगळंच तातडीचं असतं. एकदा मी बनवलेलं वाढदिवसाचं शुभेच्छापत्र तिने अक्षरं मध्यावर नाहीत म्हणून परत दिलं होतं, आणि तो वाढदिवस तिचाच होता.

मला ती आवडत नाही. तिच्या दोन मुली कॉलेजात आहेत आणि नवरा गेली कित्येक वर्षं "एक-दोन गोष्टी बघतोय". घर तिच्या पगारावर चालतं. बुधवारी मीटिंग संपली की तिला दारात उभं करून सांगणार होते. आणि वाईट शिफारस घेऊन या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे तिला माहीत होतं. सोमवारी तिने मला विचारलं, "मला एक शंका आहे. मला काढतायत का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. माहीत होतं.

ती गाजर खात राहिली. पण आवाज न करता. तेच मला सहन झालं नाही.


त्या रात्री जेवताना मी घरी विषय काढला, तेव्हा

५००. अंतर्गत त्रुटी. हा भाग उघडता आला नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.


का? तीन.

मंगळवारी सकाळी मी संजीवनीला भाऊजींच्या प्रिंटरकडे पाठवलं. तो प्रिंटर कधीच चालत नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. त्याचा फोन मी चार्जिंगला लावते म्हणून घेतला आणि आवाज बंद केला. मग सर्व्हर मरायची वाट बघत बसले. हे वाक्य ऐकायला क्रूर आहे, पण डॉक्टरही हेच करतात, फक्त त्यांना खुर्ची चांगली मिळते.

लॅबची गर्दी सुरू झाली. मी बघत होते. सर्व्हरची स्मृती, म्हणजे एका वेळी जेवढं सामान त्याला हातात धरता येतं ती जागा, भरत चालली होती. लॉगिनचं पान हलकं. रिपोर्टांची यादी हलकी. कोणी एक रिपोर्ट उघडला की मात्र तो एकदम वाकायचा, जसं कोणी पाठीवर कपाट ठेवावं. दुसरा उघडला की दुसरं कपाट. पंधरा-वीस जणांनी एकदम उघडला आणि तो गेला. ५००. पहिल्यांदाच तो आमच्यासमोर मेला आणि कोणी बटण दाबलं नाही. प्रिंटरपाशी संजीवनी कुठली तरी झडप उघडून फुंकर मारत होता. बघायचं ते बघून झाल्यावर मी त्याचा फोन आवाजासकट परत केला आणि तो बटण दाबायला धावला.

एका पानात इतकं वजन कसलं? हिमोग्लोबिनचा आकडा असा किती जड असणार?

मी रिपोर्टची एक नक्कल वेगळी काढली आणि तिच्यातून एकेक गोष्ट काढत गेले. लॅबचं नाव काढलं, वजन तेवढंच. आकड्यांचा तक्ता काढला, तेवढंच. डॉक्टरची सही काढली, तेवढंच. शेवटी तळाच्या उजव्या कोपऱ्यातला अंगठ्याएवढा फोटो काढला.

पान पिसासारखं उडालं.

फोटो सासऱ्यांचा होता.


का? तीनच, पण वरून.

सासरे गेल्यानंतर भाऊजींनी त्यांचा एक फोटो मोठा करून घेतला. ऑफिसच्या दर्शनी भिंतीसाठी. इतका मोठा की आत आणताना दार काढावं लागलं. मग त्यांच्या मनात आलं, की बाबा फक्त भिंतीवर का, आपल्या कामावरही असावेत. त्यांनी संजीवनीला सांगितलं, प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी बाबांचा फोटो घाला, छोटासा, शालीन, खाली 'संस्थापक' लिहा.

लॅबच्या रिपोर्टवर. पेशंटच्या साखरेखाली. संस्थापक.

संजीवनीने भिंतीचीच फाइल उचलली, तीच ती दारापेक्षा उंच, आणि रिपोर्टमध्ये टाकून वर सूचना लिहिली की दाखवताना अंगठ्याएवढी दाखव. डोळ्यांना अंगठा दिसतो. सर्व्हरला मात्र प्रत्येक पेशंटमागे अख्खे सासरे जिन्यावरून वर न्यावे लागतात, तिथे घडी घालून अंगठ्याएवढे करावे लागतात, आणि पुढच्या पेशंटसाठी पुन्हा खाली येऊन पहिल्यापासून. वीस पेशंट, वीस सासरे. जिवंतपणीही एकच पुरेसे होते.

आणि म्हणे काहीच बदललं नाही.


का? चार.

मी काचेचं दार ढकललं.

"सर, सापडलं."

"टेस्टिंग?"

"फोटो. संस्थापकांचा. फाइल फार मोठी आहे. छोटी करून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे. दिसायला केसाचाही फरक पडणार नाही."

ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवरून सासरे त्यांच्याकडे बघत होते, फोटोग्राफरने "हनुवटी वर" म्हटल्यावर माणूस बघतो तसे.

"म्हणजे बाबांमुळे साइट बंद पडते."

"बाबांमुळे नाही. आकारामुळे."

"लिहिणार काय?"

"संस्थापकांच्या फोटोची फाइल."

"म्हणजे बाबांमुळे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांनी ही कंपनी उभी केली. आणि तुम्ही लिहून देणार की कंपनी त्यांच्यामुळे पडली. तेही परक्या लोकांना."

"मग लिहिते, आम्ही फाइल चुकीची टाकली."

"आम्ही म्हणजे कोण? मी सांगितलं होतं टाकायला."

इथे पाचवा का आपोआप खुर्चीत येऊन बसला होता, पण खुर्चीचा मालक त्याच्याकडे बघायला तयार नव्हता.

"निदान छोटा तरी करू द्या."

"बाबांना छोटं करायचं?"

मी हसले नाही. कुठून बळ आलं माहीत नाही.

"मीटिंग होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "उपाय म्हणून लिहा, दर तासाला आपोआप रीस्टार्ट. संजीवनी करेल. कारण म्हणून लिहा, अपुरं टेस्टिंग. जबाबदार व्यक्ती सेवेतून मुक्त."

मी बाहेर आले आणि पहिला मसुदा लिहिला: सर्व्हर बंद पडतो, कारण प्रत्येक रिपोर्टमध्ये एका फोटोची अवाढव्य फाइल आहे.

भाऊजींनी दुरुस्त करून पाठवलं: सर्व्हर बंद पडतो, कारण प्रत्येक रिपोर्टमध्ये काही घटक आहेत.

मी लिहिलं: काही घटक म्हणजे फोटो.

त्यांनी लिहिलं: काही घटक, जे टेस्टिंगच्या नजरेतून सुटले.

मी लिहिलं: जे टेस्टिंगला दाखवलेच नव्हते, कारण थेट चालू साइटवर टाकले.

यावर त्यांनी काचेपलीकडून नुसतं बघितलं. नंतर त्यांनी स्वतःचा मसुदा लॅबला परस्पर पाठवून दिल्याचं कळलं. खाली माझं नाव होतं.

माझं नाव. ज्यात कारण म्हणून "काही घटक" लिहिलंय अशा कागदाखाली. त्यांनी शंकाला काढलं असतं तर मी कदाचित चार दिवस चिडून गप्प बसले असते. माणूस किती नीच असतो हे मला स्वतःपासून शिकायला मिळतं. पण त्या कागदाने मला त्यांच्या बाजूला उभं केलं होतं. ते चालणार नव्हतं.


का? पाच.

मीटिंग बुधवारी सकाळी. पडद्यावर लॅबच्या मुख्य डॉक्टरबाई, मागे काउंटर, रांगेत बसलेली त्यांची माणसं. इकडे भाऊजी, संजीवनी, मी, आणि भिंतीला लागून शंका. तिला मुद्दाम बसवलं होतं. लगेच सांगता यावं म्हणून.

भाऊजींनी वाचून दाखवलं. काही घटक, नजरेतून सुटले, सेवेतून मुक्त. शंका मांडीवरच्या डब्याकडे बघत होती. डबा बंद होता.

"काही घटक म्हणजे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तांत्रिक आहे."

"मी रोज तांत्रिकच ऐकते. सांगा."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. उत्तर सुचलं नाही की मला पुढे करतात, ही घरचीच पद्धत आहे.

"सांगण्यापेक्षा दाखवते," मी म्हणाले. "तुमच्या काउंटरवरच्या सगळ्यांना सांगता का, एकदम एकेक रिपोर्ट उघडा म्हणून?"

"आत्ता कशाला," भाऊजी म्हणाले.

"उघडा रे सगळे," डॉक्टरबाई मागे वळून म्हणाल्या.

उघडले. पडद्यावर त्यांच्या मागे एकेक स्क्रीन पांढरा झाला. ५००. ५००. ५००. संजीवनीच्या खिशात रुग्णवाहिका ओरडायला लागली आणि तो उठला, कारण त्याला दुसरं काही येत नाही.

"बसा," मी म्हणाले. "हात लावू नका. मेलेलं राहू दे जरा."

तो अर्धवट उभा राहिला. मी फोटो छोटा करून टाकला. खरंच दोन मिनिटं लागत नाहीत. मग सर्व्हर मीच एकदा सुरू केला. संजीवनीने माझ्याकडे असं बघितलं, जसं त्याच्या ताटातला घास मी उचलला.

"पुन्हा उघडा."

उघडले. सगळे. मागच्या रांगेत कोणीतरी "अरे वा" म्हणालं.

"काय बदललंत?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

भाऊजींचे कान लाल झाले होते. मी बोलणार तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"मला एक शंका आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शंका उभी राहिली होती.

"रिपोर्टवर तो खाली फोटो असतो, तो कोणाचा आहे? मला कधी दाखवलाच नव्हता. मी एकदम चालू साइटवरच पाहिला."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मलाही विचारायचं होतं. पेशंट काउंटरला येऊन विचारतात, हे डॉक्टर कुठे बसतात? एका आजोबांनी तर हट्टच धरला की मला यांनाच दाखवायचंय, चेहरा विश्वासाचा वाटतो. कोण आहेत हे?"

"आमचे वडील," भाऊजी म्हणाले. फार हळू.

"आणि माझ्या पेशंटच्या रिपोर्टवर काय करतायत?"

याला पाचव्यांदा का विचारणं म्हणतात. लॅबने तो कागदावर मागितला होता, पण प्रत्यक्षात तो एवढ्या साध्या आवाजात आला.

"ते गेले," भाऊजी म्हणाले. "म्हणून."

मला, मान्य करते, त्या क्षणी त्यांची कीव आली. फार टिकली नाही.

"वाईट वाटलं ऐकून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण काढून टाका. छोटा नको, मोठा नको. आणि काही घालायचं असेल तर आधी या बाईंना दाखवत जा. मग सेवेतून मुक्त ते कोण?"

भाऊजींनी हातातल्या कागदाची घडी केली. "तसं कोणी नाही," ते म्हणाले.

शंकाने डबा उघडला. गाजराचा आवाज सगळ्या खोलीत गेला.


हा भाग पुन्हा उघडून पाहिला. आता उघडला.

सोमवारी रात्री जेवताना मी विषय काढला, तेव्हा नवरा म्हणाला, "जाऊ दे." हे त्याचं रीस्टार्टचं बटण. मी म्हणाले, एका बाईचं घर जाईल. तो म्हणाला, "दादाशी कोण बोलणार? जाऊ दे." मग मी ताट उचललं आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. इतकं सामान्य होतं की सांगायची लाज वाटली, एवढंच.

बुधवारी रात्री भाऊजी आणि जाऊबाई वरच्या मजल्यावरून आमच्याकडे जेवायला उतरले. असे ते फक्त तक्रार असली की उतरतात. ताटं मांडायच्या आतच त्यांनी सासूबाईंसमोर सांगून टाकलं.

"आई, हिने आज बाबांना काढलं. परक्या लोकांसमोर."

सासूबाई भाजी वाढत होत्या. "कुठून काढलं?"

"रिपोर्टवरून. लॅबच्या. त्यांचा फोटो होता ना तिथे."

"लॅबच्या रिपोर्टवर?" त्यांनी पळी भांड्यातच ठेवली. "तिथे कशाला घातलास रे त्यांना? रक्त नुसतं दिसलं तरी आडवे व्हायचे. तुझ्या जन्माच्या वेळी तुला बघायच्या आधी त्यांनाच कॉटवर घेतलं होतं."

जाऊबाई हसल्या आणि लगेच खोकल्या. नवरा म्हणाला, "जाऊ दे आता." भाऊजी खाली बघून जेवले. मला भाजी दोनदा वाढली गेली. सासूबाई एवढंच बोलतात.


गुरुवारी सकाळी सर्व्हर उभा होता. संजीवनी फोन समोर ठेवून बसला होता, एखाद्या स्थळाच्या निरोपाची वाट बघावी तसा. दुपारपर्यंत तो कासावीस झाला आणि त्याने प्रिंटर रीस्टार्ट केला.

शंकाने माझे आभार मानले नाहीत. मीही अपेक्षा ठेवली नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या यादीत एक नवी तक्रार आली. तिच्याकडून.

'रिपोर्टच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात फोटोची जागा रिकामी दिसते. खाली "संस्थापक" शब्द तसाच राहिला आहे. वर कोणी नाही. पेशंट गोंधळतील. तातडीचे.'

मी रिपोर्ट उघडून पाहिला. खरंच. कोपऱ्यात अंगठ्याएवढा पांढरा चौकोन, आणि त्याच्याखाली एक शब्द, कोणाचाच नाही असा.

चूक माझी होती. फोटो काढताना शब्द काढायचं राहून गेलं होतं. पलीकडे गाजर कडाकड वाजत होतं. मी काचेपलीकडे पाहिलं. भाऊजी भिंतीवरच्या फोटोखाली बसून फोनवर कोणाला तरी सांगत होते, की काहीच बदललेलं नाही.

मी शब्द खोडला आणि तक्रार तिच्याकडे परत पाठवली, तपासायला.